माझ्या नांवानें कोणीं लिहावें ?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेच्या गच्चीवर नववीच्या विद्यार्थ्यांनीं एक पर्जन्यमापक बसविला. साध्या पर्जन्यमापकांत सांचलेलें पाणी मोजपात्रांत ओतून मोजावें लागतें. हा तसा नव्हे. यांत तराजूच्या दांडीप्रमाणें डोलणारी एक लहानशी दुहेरी पळी असते. एका बाजूस ठरीव पाणी सांचलें कीं ती कलंडते, दुसरी बाजू वर येते, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद तारेवाटे खालच्या प्रयोगशाळेंतील संगणकांत होते. सकाळीं साडेआठ वाजतां मागील चोवीस तासांचा पाऊस किती मिलिमीटर झाला, हें संगणक आपोआप काढून ठेवतो.

येथवर काम उत्तम झालें. पुढें मुलांच्या मनांत आलें कीं, हा आंकडा शाळेच्या फेसबुक-पानावर रोज आपोआप लिहिला जावा, म्हणजे पालकांसही तो घरबसल्या वाचावयास मिळेल. त्यांनीं तसा एक लहानसा प्रोग्राम लिहिला आणि माझ्याकडे येऊन म्हणालीं, “सर, आतां पानाचा पासवर्ड तेवढा सांगा. तो आंत घातला कीं झालें.”

विनंती साधी होती. परंतु फेसबुकवरील पानास स्वतःचा असा पासवर्ड नसतो. पान ज्या मनुष्याच्या स्वाधीन असतें त्याच्या खात्यावरूनच त्याची सर्व व्यवस्था चालते. आणि शाळेचें पान माझ्याकडे आहे. म्हणजे मुलें, त्यांच्या ध्यानांत आलें नसलें तरी, माझ्या खात्याची किल्ली मागत होतीं. मीं ती दिली नाहीं. मुलांवर अविश्वास होता म्हणून नव्हे. ती न देतां काम कसें होतें, हें शिकण्याची अशी संधि पुन्हां लवकर येणार नव्हती. पुढें चार-पांच तास आम्हीं याच विषयांत घालविले. ज्या विद्यार्थ्यांस व पालकांस तेव्हां तेथें बसतां आलें नाहीं, त्यांच्यासाठीं तो विषय येथें मांडीत आहें.

प्रथम पासवर्ड देणें म्हणजे काय देणें, याचा विचार करूं. माझा पासवर्ड ज्याच्या हातीं आहे तो पावसाचा आंकडा लिहूं शकेल हें खरें. पण तो माझा खासगी पत्रव्यवहारही वाचूं शकेल, माझ्या स्नेह्यांस माझ्या नांवानें निरोप धाडूं शकेल, आणि मनांत आल्यास पासवर्ड बदलून मलाच दाराबाहेर उभें करूं शकेल. काम तीळभर आणि अधिकार डोंगराएवढा, असा हा व्यवहार आहे. परगांवीं राहणारा गृहस्थ गांवच्या घराचें भाडें वसूल करण्याचें काम शेजाऱ्यास सांगतो, तेव्हां तो त्याच्या हातीं तिजोरीची किल्ली देत नाहीं. तो एक मुखत्यारपत्र लिहून देतो. त्यांतही दोन प्रकार आहेत, हें पालकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. कुलमुखत्याराला मालकाच्या बहुतेक सर्व व्यवहारांचा अधिकार मिळतो. खास मुखत्याराला एका नेमक्या कामापुरता. भाडें घ्यावें, पावती द्यावी; घर विकूं नये.

आपल्या जुन्या कागदपत्रांत हीच काळजी दुसऱ्या रूपानें दिसते. शिवकालीन पत्रांच्या शिरोभागीं मुद्रा असे, आणि मजकूर जेथें संपे तेथें मोर्तब म्हणून दुसरा लहान शिक्का उठवीत. येथें मर्यादा शोभते, अशा अर्थाचे संस्कृत शब्द त्यावर कोरलेले असत. पत्र पूर्ण झालें, याखालीं कोणीं एक ओळही वाढवूं नये, हा त्याचा हेतु. मुद्रेनें पत्र कोणाचें तें कळे; मोर्तबानें तें कोठवर त्याचें आहे तें कळे. संगणकाच्या जगांत ‘परवानगी मागणें’ म्हणून जो प्रकार रूढ झाला आहे, त्याचे हेच दोन भाग आहेत, आणि दुसऱ्या भागास तेथें ‘स्कोप’ म्हणतात. मीं वर्गांत त्यास मर्यादा हाच शब्द वापरला.

हा प्रकार आरंभापासून नव्हता. ट्विटर २००६ सालीं सुरू झालें (२०२३ पासून त्याचें नांव एक्स आहे), आणि लौकरच त्याच्यासाठीं परक्या मंडळींनीं केलेले नाना प्रोग्राम निघाले. कोणी ठरलेल्या वेळीं लिहून देणारे, कोणी छायाचित्रें चढविणारे. ते सर्व वापरणाऱ्याचें नांव व पासवर्ड मागत आणि आपल्याजवळ ठेवीत. दहा प्रोग्राम वापरणाऱ्या मनुष्याची किल्ली दहा घरीं टांगलेली असे. त्यांपैकीं एकाची काढून घ्यावयाची तर पासवर्ड बदलावा लागे, आणि मग उरलेले नऊही बंद पडत. २००६ च्या अखेरीस ट्विटरमधील ब्लेन कुक व इतर कांहीं अभियंत्यांनीं यावर उपाय शोधण्यास आरंभ केला. त्यांतून ‘ओ-ऑथ’ नांवाची पद्धति निघाली. तिची पहिली आवृत्ति २००७ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाली; दुसरी, जी आज बहुतेक सर्वत्र चालते, ती २०१२ च्या ऑक्टोबरांत. ट्विटरनें ३१ ऑगस्ट २०१० पासून परक्या प्रोग्रामांस पासवर्डावर काम करूं देणें अजीबात बंद केलें.

आतां ही पद्धति चालते कशी तें पाहूं. हा भाग थोडा सावकाश वाचावा.

फेसबुकसारख्या स्थळाकडे माणसांसाठीं जसें दर्शनी पान असतें, तशी प्रोग्रामांसाठीं एक वेगळी खिडकी असते. तिला एपीआय म्हणतात. टपालकचेरींत मनीऑर्डरीच्या खिडकीशीं कागद ठराविक नमुन्यांतच भरून द्यावा लागतो, तसेंच येथें. या खिडकीशीं येणाऱ्या प्रोग्रामानें आधीं आपली नोंदणी करावी लागते. नोंदणींत त्यास एक ओळखक्रमांक मिळतो, एक गुप्त शब्द मिळतो, आणि उत्तर कोणत्या पत्त्यावर परत पाठवावें तो पत्ता त्यानें तेथें लिहून ठेवावयाचा असतो. आमच्या प्रोग्रामाची नोंदणी मुलांनीं माझ्या देखरेखीखालीं केली.

त्यानंतर प्रोग्राम मालकास, येथें मला, फेसबुकच्या स्वतःच्या पानावर धाडतो. जातांना तो सोबत चार गोष्टी देतो : आपला ओळखक्रमांक, परतीचा पत्ता, हव्या असलेल्या परवानग्यांची यादी, आणि त्या खेपेपुरता तयार केलेला एक यदृच्छ शब्द. पासवर्ड मी टंकतों तो फेसबुकच्या पानावर. मुलांच्या प्रोग्रामास तो दिसतही नाहीं. मग फेसबुक मला विचारतें : अमुक नांवाचा प्रोग्राम अमुक गोष्टींची परवानगी मागत आहे, द्यावयाची काय? आणि कोणकोणत्या पानांपुरती? मीं होय म्हटलें कीं फेसबुक मला प्रोग्रामाच्या परतीच्या पत्त्यावर आणून सोडतें आणि सोबत एक लहानसा संकेत देतें. हा संकेत फार अल्पायुषी असतो. दहा मिनिटांहून अधिक तो जगूं नये अशी प्रमाणग्रंथांत शिफारस आहे, आणि तो एकदांच वापरतां येतो.

संकेत हा अद्याप अधिकार नव्हे. प्रोग्राम तो संकेत आणि आपला गुप्त शब्द, दोन्ही मिळून फेसबुककडे परस्पर नेतो, आणि त्यांच्या बदल्यांत त्यास ‘टोकन’ मिळतें. हें टोकन म्हणजेच आपलें खास मुखत्यारपत्र. एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं एवढी यातायात कशासाठीं, टोकन प्रथमच कां देत नाहींत? प्रश्न चांगला होता. पहिला संकेत माझ्या ब्राउझरमधून जातो, आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टींत लिहिलेलें पुष्कळांच्या नजरेस पडूं शकतें. तो कोणीं उचलला तरी गुप्त शब्दावांचून त्याचा उपयोग नाहीं. टोकन मात्र दोन सर्व्हरांमध्यें आडपडद्यानें दिलें जातें. (मोबाइलमधील ॲपांत गुप्त शब्द लपवितां येत नाहीं, कारण ॲप ज्यानें उतरवून घेतलें त्यास तो उकरून काढतां येतो. म्हणून २०१५ पासून त्यांच्यासाठीं दर खेपेस नवा गुप्त शब्द बनविण्याची जोडयुक्ति प्रचारांत आली आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ती अवश्य पाहावी.)

आणि तो यदृच्छ शब्द? रेल्वेच्या सामानघरांत ट्रंक ठेवली म्हणजे पावती मिळते आणि परत घेतांना ती जुळवून पाहतात, तसा तो आहे. प्रोग्रामानें जो शब्द देऊन मला धाडलें तोच शब्द घेऊन मी परत आलों, तर ही खेप खरी. शब्द जुळला नाहीं, तर कोणी तिऱ्हाईतानें मध्येंच आपला संकेत आणून ठेवला असण्याचा संभव आहे, असें समजून ती खेप टाकून द्यावयाची.

ही सावधगिरी उगीच नाहीं. २००९ च्या एप्रिलांत ओ-ऑथच्या पहिल्या आवृत्तींतच एक मोठें छिद्र आढळलें. लबाड मनुष्य परवानगी मागण्याची खेप स्वतः सुरू करी, पण अर्ध्यावर थांबवून पुढचा दुवा दुसऱ्या भोळ्या मनुष्यास पाठवी. भोळा मनुष्य खऱ्याच स्थळावर जाई, खऱ्याच प्रोग्रामास होय म्हणे. आणि त्याच्या होकाराचें फळ मात्र खेप सुरू करणाऱ्याच्या पदरांत पडे. ज्यानें मागितलें आणि ज्यानें दिलें, ती माणसें एकाच खेपेंतील आहेत कीं नाहींत, हें कोणी तपासत नव्हतें. त्याच वर्षीं जूनमध्यें सुधारलेली आवृत्ति निघाली. प्रमाण बांधणारे निष्णात लोकही एवढी साधी गोष्ट विसरूं शकले, याचा मुलांस मोठा अचंबा वाटला. मला वाटला नाहीं. आपणही पुष्कळदां सही कोणाची आहे तेवढेंच पाहतों; कागद कोणीं पुढें सरकविला, तें पाहत नाहीं.

असो. आतां परवानग्यांच्या यादीकडे वळूं. मुलांनीं केलेली पहिली यादी मीं पाहिली तेव्हां तींत नऊ परवानग्या होत्या. कोठल्याशा नमुन्यावरून ती जशीच्या तशी उतरून घेतली होती. “पुढें लागतील म्हणून मागून ठेवल्या,” असें उत्तर मिळालें. मीं एकेक ओळ वर्गांत मोठ्यानें वाचावयास लावली आणि प्रत्येक ओळीनंतर एकच प्रश्न विचारला : पावसाचा आंकडा लिहिण्यास ही लागते काय?

तिसऱ्या कीं चौथ्या ओळीस पानाकडे आलेले निरोप वाचण्याची परवानगी निघाली. पालकहो, आपण शाळेच्या पानावर जे निरोप पाठवितां, त्यांत कोणाच्या फीची अडचण असते, कोणाच्या घरचें आजारपण असतें. पर्जन्यमापकाच्या निमित्तानें ते सर्व वाचण्याचा हक्क नववीच्या वर्गास मिळणार होता. ती ओळ वाचणाऱ्या मुलीनें आपण होऊनच ती खोडली. शेवटीं तीन परवानग्या उरल्या. मी कोणतीं पानें सांभाळतों त्यांची यादी पाहणें. पानाची वाचण्यापुरती माहिती घेणें. आणि पानावर मजकूर लिहिणें, जिला फेसबुकच्या भाषेंत ‘पेजेस-मॅनेज-पोस्ट्स’ म्हणतात. ह्या तिन्ही मिळूनही त्यांस माझ्या स्वतःच्या भिंतीवर एक अक्षर लिहितां येत नाहीं.

वाचणें आणि लिहिणें यांत भेद करावा, हें तत्त्व बहुतेक मोठ्या स्थळांनीं मानलें आहे. एक्सकडे वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी निरनिराळी मागावी लागते. मॅस्टोडॉनवर तर नुसता मजकूर लिहिणें, चित्र चढविणें, कोणाचें अनुसरण करणें, यांच्याही मर्यादा वेगवेगळ्या मागतां येतात. माझ्या मतें या दोहोंत लिहिण्याची परवानगी अधिक जोखमीची. वाचणारा माझें कांहीं तरी घेऊन जातो. लिहिणारा माझें तोंड वापरतो. माझ्या भावानें, विद्यार्थ्यानें, ग्रामस्थानें तें वाचलें, तर त्यांच्या लेखीं तें मींच म्हटलेलें असतें.

म्हणून मागणाऱ्यानें ती केव्हां मागावी, यासही महत्त्व आहे. पाहुणा उंबरठा ओलांडतांच “तुमच्या वतीनें मी गांवांत बोलूं काय?” असें विचारूं लागला तर त्यास कोण होय म्हणेल? ओळख व्हावी, काम निघावें, मग त्या कामापुरतें विचारावें. फेसबुकनें एके काळीं प्रोग्राम बनविणाऱ्यांस असा दंडकच घातला होता कीं, वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या परवानग्या एकाच वेळीं मागूं नयेत. दुसराही एक चांगला नियम त्याच्याकडे आहे. प्रोग्रामानें वापरणाऱ्याच्या तोंडीं आयते शब्द घालूं नयेत. मजकुराची जागा कोरी ठेवावी, आणि ती त्यानेंच भरावी. २०१४ च्या एप्रिलांत आणखी दोन सुधारणा झाल्या : यादींतील नको ती परवानगी खोडून उरलेल्या देण्याची मुभा वापरणाऱ्यास मिळाली, आणि प्राथमिक माहितीपलीकडे कांहीं मागणाऱ्या प्रोग्रामानें आधीं फेसबुकपुढें परीक्षा द्यावी असें ठरलें. परवानगी कशासाठीं हवी, आणि ती घेऊन प्रोग्राम काय करतो, हें परीक्षकांस चलच्चित्र घेऊन दाखवावें लागतें.

एवढें सर्व असूनही अनर्थ होतात. त्यांतील एक मीं वर्गांत विस्तारानें सांगितला, तो येथेंही सांगतों, कारण तो नेमका आपल्या विषयाचा आहे.

१५ मार्च २०१७ रोजीं जगांतील पुष्कळ नामांकित ट्विटर-खात्यांवर एकाएकीं एकच मजकूर झळकूं लागला. तो तुर्की भाषेंत होता. त्यांत जर्मनी व हॉलंड या देशांस नाझी म्हटलें होतें आणि सोबत नाझींचें स्वस्तिकचिन्ह होतें. त्या दिवसांत तुर्कस्थानचें या दोन देशांशीं राजकीय भांडण चाललें होतें. ज्यांच्या नांवानें हें लिहिलें गेलें त्यांत फोर्ब्स मासिक होतें, बीबीसीचें उत्तर अमेरिकेचें खातें होतें, आणि मानवी हक्कांसाठीं झटणारी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल हीही संस्था होती. यांपैकीं कोणाचाही पासवर्ड चोरीस गेला नव्हता. ट्विटर काउंटर नांवाचा एक प्रोग्राम होता. आपले वाचक किती वाढले, किती घटले, याचे आंकडे तो दाखवी. या सर्वांनीं केव्हां ना केव्हां त्यास परवानगी दिलेली होती, आणि त्या परवानगींत खात्यावर लिहिण्याचा अधिकारही होता. चोर त्या एका प्रोग्रामाच्या घरांत शिरले. तेथें सर्वांचीं मुखत्यारपत्रें एकत्र ठेवलेलीं त्यांस मिळालीं.

नुसते आंकडे दाखविणाऱ्यास लिहिण्याचा अधिकार कशास हवा होता? हा प्रश्न मीं मुलांस विचारला तेव्हां कोणी तरी हळूच म्हणालें, “पुढें लागेल म्हणून.” वर्ग हंसला, पण मागील आठवड्याची आपली यादी सर्वांस आठवली असावी.

दुसरी घटना त्याच वर्षींची, ३ मे ची. ती ई-मेलची आहे, तथापि जातकुळी तीच. लोकांस ओळखीच्या मनुष्याकडून पत्र येई : अमुक कागद पाहावा. दुवा दाबला कीं गुगलचें खरेंखुरें परवानगीचें पान उघडे. तेथें ‘गुगल डॉक्स’ नांवाचा प्रोग्राम पत्रें वाचण्याची, पाठविण्याची आणि स्नेह्यांचे पत्ते पाहण्याची परवानगी मागे. नांव पाहून लोक होय म्हणत. पण तो प्रोग्राम गुगलचा नव्हताच. कोणीं तरी आपल्या प्रोग्रामाचें नांव तसें ठेवलें होतें. परवानगी मिळतांच तो त्या मनुष्याच्या नांवानें त्याच्या सर्व स्नेह्यांस तेंच पत्र धाडी. गुगलनें सुमारें तासाभरांत तो बंद केला, आणि एक हजारांत एकाहूनही कमी लोकांस तो बाधला असें सांगितलें. येथें कुलूप फोडलें नव्हतें. दारावर येऊन नम्रपणें विचारलें होतें.

२०१८ च्या मार्चमध्यें केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचें प्रकरण उघडकीस आलें. सुमारें २,७०,००० लोकांनीं प्रश्नावलीच्या एका ॲपास परवानगी दिली. त्या ॲपानें त्यांच्या स्नेह्यांचीही माहिती ओढून घेतली, आणि असे लोक ८ कोटि ७० लक्षांपर्यंत असावेत असा फेसबुकनें स्वतः अंदाज दिला. हें प्रकरण वाचण्याच्या परवानगीचें, लिहिण्याचें नव्हे. परंतु त्यानंतर फेसबुकनें एपीआयवर जीं अनेक बंधनें घातलीं त्यांत लिहिण्याच्या परवानगीचाही निकाल लागला. व्यक्तीच्या स्वतःच्या भिंतीवर तिच्या नांवानें लिहिण्याची ‘पब्लिश-ॲक्शन्स’ नांवाची जी परवानगी असे, ती नव्या प्रोग्रामांस २४ एप्रिल २०१८ पासून आणि जुन्यांस १ ऑगस्ट २०१८ पासून मिळेनाशी झाली. आतां प्रोग्राम फार तर मजकुराचा कागद मनुष्यापुढें धरूं शकतो. धाडण्याचें बटण त्यानेंच दाबावयाचें. संस्थांच्या पानांवर मात्र परवानगी घेऊन लिहितां येतें, आणि आमचा पर्जन्यमापक त्याच वाटेनें चालला आहे.

टोकनाविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्यास बँकेंतील बेअरर चेक ठाऊक आहे त्यास तें चटकन् कळेल. तो चेक ज्याच्या हातीं त्याला पैसे. खिडकीवरचा कारकून नांव विचारीत नाहीं. टोकनही तसेंच आहे. जो दाखवील तो मालकाचा मुखत्यार. आमच्या मुलांनीं विज्ञानप्रदर्शनासाठीं आपला प्रोग्राम मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावण्याचें ठरविलें होतें. कागद डकविण्यापूर्वीं मीं सहज वाचला, तों पंधराव्या ओळींत सबंध टोकन, अक्षरन् अक्षर, छापलेलें! त्या दिवशीं आम्हीं तें टोकन रद्द केलें, नवें घेतलें, आणि तें प्रोग्रामांत न लिहितां संगणकांत वेगळ्या जागीं ठेवलें. छापील कागदावर त्या ठिकाणीं आतां काळी पट्टी आहे. प्रदर्शनांत सर्वांत अधिक प्रश्न त्या पट्टीविषयींच आले.

पालकांस एक विनंती. आपण व आपल्या मुलांनीं आजवर कोणकोणत्या प्रोग्रामांस अधिकार दिले आहेत, याची यादी प्रत्येक स्थळ ठेवीत असतें. फेसबुकवर ती ‘सेटिंग्ज’मध्यें ‘ॲप्स अँड वेबसाइट्स’ या मथळ्याखालीं सांपडते. एक्सवर जोडलेल्या ॲपांची यादी खात्याच्या सुरक्षिततेच्या भागांत असते. आठवींतील एका मुलाच्या घरीं ती उघडली तेव्हां तींत एकोणीस नांवें निघालीं. त्यांतील चारच आईस आणि मुलास मिळून आठवलीं. एक म्हातारपणीं तुम्ही कसे दिसाल तें दाखविणारें होतें, एक कोणत्याशा खेळाचें, आणि तो खेळ त्या मुलानें पांचवींत असतांना सोडला होता. प्रत्येक नांवासमोर काढून टाकण्याचें बटण असतें. तें दाबल्यानें पासवर्ड बदलावा लागत नाहीं आणि इतर कांहीं बिघडत नाहीं.

आपल्या देशांतही आतां याविषयीं कायदा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानें संमति कशी असावी हें सांगितलें आहे : ती मोकळेपणानें दिलेली, नेमक्या कामापुरती, समजून-उमजून दिलेली व निःसंदिग्ध असावी, आणि ती परत घेणें हें देण्याइतकेंच सोपें असावें. संमति मागणारी सूचना इंग्रजींत किंवा संविधानाच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत, म्हणजे मराठींतही, वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, असेंही त्यांत आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत आईबापांची पडताळून पाहिलेली संमति लागते. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील बंधनें टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाचीं ठरलीं. कायद्याची भाषा कांहीं ठिकाणीं क्लिष्ट आहे. तथापि संमतीचें कलम एकदां मुलांसह वाचावें, असें मला वाटतें.

आमचा प्रोग्राम पावसाळाभर नेमानें चालला. मात्र सप्टेंबरांत एके सकाळीं पानावर आंकडा आला नाहीं. दुसऱ्या दिवशींही नाहीं. पळींत झाडाचें पान अडकलें असेल असें म्हणून चार मुलें गच्चीवर धांवलीं. पळी स्वच्छ होती. संगणकांतही त्या दिवसाचा ४३ मिलिमीटर पाऊस व्यवस्थित नोंदलेला होता. मग फेसबुकच्या खिडकींतून आलेलें उत्तर त्यांनीं काढून वाचलें : टोकन बाद झालें आहे.

दोन दिवसांपूर्वीं मीं माझा पासवर्ड बदलला होता, आणि तें मुलांस सांगावयास विसरलों होतों. मालकानें पासवर्ड बदलला कीं त्याच्या वतीनें दिलेलीं जुनीं टोकनें फेसबुक बाद करतें. न जाणों, कोणी चोर आंत असेल तर तोही बाहेर पडावा.

“म्हणजे सर, तुम्हांला पुन्हां विचारावें लागणार,” त्या यादीची ओळ खोडणारी मुलगी म्हणाली, आणि तिनें संगणकाचा पडदा माझ्याकडे वळविला. परवानगीचें पान उघडलेलें होतें. ओळी तीनच होत्या. मीं त्या पुन्हां वाचल्या, शाळेच्या पानापुढेंच खूण आहे ना तें पाहिलें, आणि होय म्हटलें. साडेआठचा आंकडा त्या दिवशीं पावणेअकरास पानावर आला.